निम्मी गिऱ्हाइकं

साहेबांनी चोरून इथली भाषा शिकायला घेतली आहे, हे दुभाषीबाईंना वेळेवर कळलं असतं तर त्यांनी त्या शिकवणीवाल्या मास्तरीणबाईंना जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. पण बाईंना ते कळलं छापून आल्यावर. आणि छापून आल्यावर कळलेल्या गोष्टीचं माणूस काय करणार? कपाळावर हात मारून घेणार. तो बाईंनी मारून घेतला.

साहेब म्हणजे एका लांबच्या, श्रीमंत देशातल्या मोठ्या वर्तमानपत्राचे बातमीदार. उंच इतके, की कचेरीच्या दारातून वाकून आत यायचे आणि मग दिवसभर वाकलेलेच राहायचे. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर. लिफ्टला कायमची 'दुरुस्ती चालू'ची पाटी. आतल्या खोलीत साहेब. बाहेरच्या खोलीत बाई, त्यांचं टेबल, चहाची किटली आणि भिंतीवर थोरल्यांचा फोटो. थोरले म्हणजे देशाचे मालक. त्यांचं नाव घेताना आवाज जरा इकडचा तिकडे झाला तरी पंचाईत, म्हणून लोक नावच घेत नसत. फोटो प्रत्येक कचेरीत हवा असा नियम होता. तो किती उंचीवर टांगायचा आणि कशाने पुसायचा याचेही नियम होते, आणि बाईंना ते पाठ होते.

बाहेरच्या खोलीतली तिसरी खुर्ची जावईबापूंची. हे माहिती खात्याचे गृहस्थ. साहेबांनी इथल्या कोणाशीही बोलायचं तर खात्याचा माणूस शेजारी हवा, या अटीवर साहेबांना देशात राहू दिलं होतं. बापू सकाळी यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे, चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचे, आणि त्यांना दुखवायची कोणाची टाप नव्हती. मग त्यांना दुसरं काय म्हणणार? नाव बाईंनीच ठेवलं होतं. बापूंना ते माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

आता काम कसं चालायचं ते ऐका. साहेब आपल्या भाषेत प्रश्न विचारणार. ती बापूंना येत नाही. बाई तो प्रश्न इथल्या भाषेत समोरच्याला विचारणार. ती साहेबांना येत नाही. समोरचा काय ते बोलणार आणि बाई ते साहेबांना सांगणार. आणि साहेबांचे प्रश्न म्हणजे एकेक नमुना. भाजी विकणाऱ्या बाईला, जावईबापू हातभर अंतरावर कान टवकारून उभे असताना, साहेब विचारणार, "तुम्हाला सरकारची भीती वाटते का?" अरे बाबा, तिने काय सांगावं? 'हो' म्हणाली तर संध्याकाळी घरी पोचायची नाही, आणि 'नाही' म्हणाली तर तू लिहिणार, की बोलताना तिचा आवाज कापत होता. म्हणून बाई तिला विचारायच्या, "टोमॅटो कसे दिले?" ती भाव सांगायची. बाई साहेबांना सांगायच्या, "यावर बोलायचं नाही म्हणते." बापू आपल्या अहवालात टोमॅटोचा भाव लिहून मोकळे. सगळे आपापल्या घरी सुखरूप.

मग बातम्या यायच्या कुठून? बाईंकडून. दुपारी बापू गेले की बाई दार लावून घ्यायच्या आणि साहेबांना सांगायच्या, की मोठ्या इस्पितळाच्या कुठल्या वॉर्डाबाहेर आजकाल पोलीस बसतात, कुठल्या कॉलेजातले शिक्षक महिनाभर कामावर आलेले नाहीत, कुठल्या बेकरीला कुलूप आहे आणि बेकरीवाला कुठे आहे. "एक जण भेटला होता, तो सांगत होता," असं म्हणायच्या. बातमी शंभर टक्के खरी असायची. दोन-तीन ठिकाणी खात्री करून घेतल्याशिवाय बाई शब्द उच्चारत नसत. फक्त तो 'एक जण' नसायचा. साहेब लिहायचे, 'नाव न सांगण्याच्या अटीवर एका रहिवाशाने सांगितलं'. तो रहिवासी म्हणजे बाई. बसचालक बाई, विधवा बाई, कॉलेजचा विद्यार्थीही बाईच. दहा वर्षं हे चाललं होतं. या साहेबांची चार वर्षं, आणि त्याआधीच्या साहेबांच्या वेळीही असंच. बाईंना याची लाज वाटत नव्हती, उलट मनातून थोडी ऐटच होती.

ही विद्या बाई घरातून शिकल्या होत्या. त्यांचे यजमान कॉलेजात भूमिती शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चौकात जमलेल्या लोकांवर सरकारने गोळीबार केला त्या आठवड्यात एका परदेशी बातमीदाराने मास्तरांना रस्त्यात गाठलं. त्याच्याबरोबरचा दुभाषा अगदी सरळमार्गी होता, शब्दाला शब्द सांगणारा. किती मेले, बातमीदाराने विचारलं. मास्तरांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. वर्तमानपत्राने काळजी घेऊन नाव छापलं नाही. छापलं एवढंच, की 'भूमिती शिकवणारे, एका पायाने लंगडणारे एक प्राध्यापक'. आता भूमिती शिकवणारे लंगडे प्राध्यापक शहरात असून असून असणार किती? पोलिसांना पत्तासुद्धा विचारावा लागला नाही. दोन वर्षांनी मास्तर परत आले तेव्हा दोन्ही पायांनी लंगडत होते. त्या बातमीला मोठं बक्षीस मिळाल्याचं बाईंना मागाहून कळलं.

तेव्हापासून मास्तरांना काहीही विचारलं की एकच उत्तर. चहा टाकू? ठीक आहे. झोप लागली का? ठीक आहे. खिडकी लावू की उघडी ठेवू? ठीक आहे. विचारणाऱ्याकडे आधी निरखून बघायचे, मग दाराकडे, आणि मग 'ठीक आहे'. बाईंचा जीव त्या दोन शब्दांनी किती वेळा अर्धा झाला असेल याला गणती नाही. एकदा वैतागून त्यांनी विचारलं होतं, "तुमचा गळा दाबू का?" तेव्हाही तेच. मग रडू आलं ते त्यांनाच.

तर, या साहेबांना हुक्की आली साध्या माणसांवर काहीतरी लिहायची. म्हणून जुन्या पोस्टामागच्या गल्लीतल्या एका सलूनमध्ये ते केस कापायला बसले. एकच खुर्ची, लाल रेक्झिनची, फाटली तिथे चिकटपट्टी लावलेली. समोर भला मोठा आरसा, आणि त्यात मागचा सगळा रस्ता दिसायचा. सलूनवाला कात्री चालवत होता, त्याची बायको आत टॉवेलच्या घड्या घालत होती, जावईबापू बाकावर जुनं मासिक चाळत होते. गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलेल्या साहेबांनी आरशातूनच बाईंना सांगितलं, "त्यांना विचारा, या शहरात माणसं गायब होतात हे तुम्हाला माहीत आहे का?"

घ्या. मानेपाशी कात्री असताना विचारायचा प्रश्न आहे का हा?

बाईंनी सलूनवाल्याला विचारलं, "काय दादा, धंदा कसा आहे? गिऱ्हाईक कमी झालंय का?"

झालं! बाईंना काय माहीत, की समोरच महिन्याभरापूर्वी एक झगमगीत सलून उघडलंय, थंड हवेचं, डोक्याला मालिश करणाऱ्या खुर्चीचं, आणि याच्या मनाला तेच लागून राहिलंय. सलूनवाल्याची कात्री थांबली.

"कमी म्हणजे काय ताई! पूर्वी या खुर्चीत बसणारी निम्मी माणसं आता दिसत नाहीत. कुठे गेली ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, पण तोंडावर कोण सांगणार? मला या आरशात सगळं दिसतं. माना खाली घालून जातात बिचारी. मी काही बोलत नाही. बोलून काय होणार?"

"माहीत नाही म्हणतो," बाईंनी साहेबांना सांगितलं. बापूंनी अहवालासाठी टिपून घेतलं: गिऱ्हाईक कमी, समोर नवीन दुकान. साहेब आरशात गालातल्या गालात हसले. बाईंना वाटलं, केस आवडले वाटतं. साहेबांच्या खिशातला रेकॉर्डर चालू होता आणि गेले चार महिने त्यांची शिकवणी चालू होती, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

त्या आठवड्यातच साहेब सकाळी आतल्या खोलीतून उड्या मारतच आले. हातात त्यांचं वर्तमानपत्र, पहिल्या पानावर लेख, आणि मथळा, 'आरशात सगळं दिसतं'. 'निम्मी माणसं आता दिसत नाहीत,' फाटक्या लाल खुर्चीमागे उभा राहून जुन्या पोस्टामागचा एक केशकर्तनकार मला सांगतो. 'माना खाली घालून जातात.' पुढे सगळं तेच, शब्दाला शब्द.

"मी ऐकला!" साहेब इथल्या भाषेत म्हणाले. स्वतःच्या बुटाची नाडी पहिल्यांदा बांधलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "मी स्वतः समजला!" मग आपल्या भाषेवर येऊन म्हणाले, "तुम्ही त्याला वाचवायला बघत होता ते मला कळलं. म्हणूनच मी तुम्हाला विचारलं नाही. काळजी करू नका, मी नाव छापलेलं नाही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लाल खुर्ची, जुनं पोस्ट, आरसा. आता फक्त 'दोन्ही पायांनी लंगडणारा' एवढंच लिहायचं राहिलं होतं.

"तुम्ही रेकॉर्डरवर त्याचं उत्तर ऐकलंत," बाई म्हणाल्या. "मी त्याला विचारलेला प्रश्न ऐकलात का?"

"प्रश्न कशाला ऐकायचा?" साहेब म्हणाले. "प्रश्न तर माझाच होता!"

बाईंनी खुर्ची ओढली, साहेबांना बसवलं आणि त्यांच्याच भाषेत सगळं सांगितलं. समोरचं दुकान, मालिशची खुर्ची, टोमॅटो, सगळं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे... ते रहिवासी?"

"मी."

"बसचालक?"

"मीच."

"तो विद्यार्थी तरी? त्याच्यामुळे माझा सत्कार..."

"तोही मीच. पण बातमी एकही खोटी नव्हती, साहेब. चार वर्षांत एक दाखवा."

साहेबांना एकही दाखवता आली नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. तुम्ही माझ्या पेशाचा खेळखंडोबा केलात, म्हणाले. बाई म्हणाल्या, तुमच्या पेशात माणसं खर्ची पडतात, आमच्या गल्लीतली. दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात दार वाजलं आणि भांडण जागच्या जागी थिजलं.

दारात जावईबापू होते, आणि त्यांच्या मागे, तीन जिने चढून धापा टाकत, सलूनवाल्याची बायको. पहाटेच पोलीस येऊन तिच्या नवऱ्याला घेऊन गेले होते.

बापूंनी त्या दिवशी चहाकडे बघितलंही नाही. "ताई, माझी वाट लावलीत तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या अहवालात 'समोर नवीन दुकान', आणि पेपरात हे! वरचे विचारतायत, तेव्हा तुझे कान काय झोपले होते का? मला दोन मुली आहेत हो."

सलूनवाली त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती बाईंना म्हणाली, "ताई, तुम्ही धंद्याचंच विचारलंत ना? मी आतच होते. माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही चला आणि तेवढं सांगा त्यांना. दुसरं काही नको मला."

तेवढं सांगा! बाई म्हणाल्या, "वहिनी, बसा. पाणी घ्या." आणि आत जाऊन त्यांनी साहेबांना मुख्य कचेरीला फोन लावायला लावला.

तिकडचे संपादक मोठे सभ्य गृहस्थ. सगळं शांतपणे ऐकलं. बाई म्हणाल्या, उद्या दुरुस्ती छापा. हा माणूस गिऱ्हाइकांबद्दल बोलत होता, चूक आमची झाली, एवढं. संपादक म्हणाले, ते शक्य नाही. का? तर आता दुरुस्ती छापली तर सगळे म्हणणार, त्याला मारून कबूल करवलं आणि आम्ही दबावाला बळी पडलो. कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलाच, तर आमच्या गेल्या दहा वर्षांच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं जाईल. "त्यापेक्षा," ते म्हणाले, "त्याच्याच सुरक्षिततेसाठी आपण सध्या काहीही न छापलेलं बरं."

"सुरक्षितता?" बाई ओरडल्याच. "तो पोलिसांच्या तळघरात आहे हो! त्याला सुरक्षित ठेवून ठेवून आणखी कुठे ठेवणार तुम्ही?"

संपादकांना त्यांच्या भावना समजत होत्या. तसं ते दोनदा म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मार्ग निघाला तो त्या दुपारी, जावईबापूंकडून. बापूंनी आपली कातडी वाचवायला खरं काय ते वर सांगून टाकलं होतं, आणि वरचे चिडायच्या ऐवजी खूश झाले होते. परदेशी पेपर म्हणतो माणसं गायब झाली, आणि ती निघाली समोरच्या दुकानात! आणखी काय हवं? परवा मोठी पत्रकार परिषद घेऊ, परदेशी बातमीदार बोलावू. सलूनवाल्याने गिऱ्हाइकं कुठे गेली ते सांगायचं, बाईंनी प्रश्न काय होता ते सांगायचं. सलूनवाला घरी, बापू कामावर.

"हे करू नका," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुम्ही थोरल्यांच्या हातात कोलीत देताय. खरोखर गायब झालेली माणसं आहेत, त्यांच्या आया आहेत. उद्या त्यांना कोण विचारणार?"

साहेबांचं बरोबर होतं, आणि नेमकं तेच बाईंच्या डोक्यात जात होतं. अख्खी चार वर्षं हा माणूस चुकीचं बोलला आणि बरोबर बोलायला त्याला आजचाच दिवस सापडला. खरं सांगावं तर थोरले जिंकतात, गप्प बसावं तर सलूनवाला जातो. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी मास्तरांसमोर सगळं ओकून टाकलं आणि विचारलं, "सांगा ना, मी काय करू?" मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना सांगितलं, "मी जाणार. गायब झालेल्यांचं मी दहा वर्षं सांगतेय, पुढेही सांगेन. कोणाच्या तोंडून सांगायचं ते बघू. पण हा आज जिवंत आहे. उद्या असेल का, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही."

खात्याचा दिवाणखाना मोठा होता. लाल गालिचा, थोरल्यांचा भिंतभर फोटो, पाण्याच्या बाटल्या. परदेशी बातमीदार खास त्या दिवसापुरते विमानाने आणलेले. इथली भाषा त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती, आणि सोयीसाठी दुभाषी एकच ठेवली होती, आपल्या बाई. सलूनवाल्याला आणलं. अंगात दुसऱ्या कोणाचातरी पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. हात टेबलाखाली. एकदा पाण्याची बाटली घ्यायला त्याने उजवा हात वर काढला, आणि बाईंना दिसलं, की कात्री धरायची दोन बोटं वाकडी झाली आहेत. पाणी न पिताच त्याने हात परत खाली नेला.

"सांग, तुझी निम्मी गिऱ्हाइकं कुठे गेली?" खात्याच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"समोरच्या दुकानात, साहेब."

अधिकारी मंडळी खो खो हसली. बाईंनी उठून, दोन्ही भाषांत, प्रश्न काय होता आणि उत्तर काय होतं ते सांगितलं. सगळं खरं होतं. आयुष्यात खरं बोलताना त्यांना इतकी किळस कधी आली नव्हती.

मग मागच्या रांगेतली एक परदेशी बाई उठली. तिने सरळ सलूनवाल्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला मारहाण झाली का? हे तुम्ही दबावाखाली बोलताय का?"

प्रश्न चोख होता. बातमीदाराने विचारायलाच हवा असा. दिवाणखान्यातलं हसणं थांबलं. अधिकाऱ्याला तेवढी परदेशी भाषा कळत असावी, कारण त्याने मान वळवून बाईंकडे बघितलं. सलूनवालाही बघत होता. हा असा माणूस, की धंद्याचं विचारलं तर आरशापर्यंतचं सगळं सांगणारा. याला 'मारलं का' विचारलं तर हा हात टेबलावर ठेवणार. आणि मग हा घरी जाणार नाही.

बाईंनी त्याला विचारलं, "दादा, दुकान परत कधी उघडणार?"

त्याचे ओठ हलले. "सोडलं तर उद्याच उघडीन, ताई."

बाई त्या परदेशी बाईकडे वळल्या. "ते म्हणतात, मला कोणी हातही लावलेला नाही."

सगळ्यांच्या पेनांनी ते उतरवून घेतलं. एकाच्या नाही. साहेब पहिल्या रांगेत बसले होते, आणि या वेळी त्यांनी प्रश्नही ऐकला होता. दुकान, परत, कधी. शिकवणीतले पहिल्या महिन्यातले शब्द. त्यांनी मान वर करून बाईंकडे बघितलं. ते उठले असते, एक शब्द बोलले असते, तर बाई संपल्या होत्या आणि सलूनवालाही. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि दारातून जाताना वाकायचे तसे, बसल्या जागीच खाली वाकले.

दहा वर्षांत बाईंनी तोंडं बदलली होती, गोष्ट कधी बदलली नव्हती. आज गोष्टच बदलली. उद्या दहा देशांत छापून येणार होतं, की त्याला कोणी हात लावला नाही.

सलूनवाला सुटला. जावईबापूंना बढतीसुद्धा मिळाली. सरकारी वाहिनीवर आठवडाभर तो विनोद चालला: नवरा हरवलाय? समोरच्या दुकानात बघा! इस्पितळाबाहेर गायब झालेल्या मुलांचे फोटो घेऊन उभ्या राहणाऱ्या आयांना येणारे-जाणारे तेच म्हणू लागले. साहेबांच्या पेपरने आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला. बाई रोज त्या आयांच्या अंगावरून कचेरीत जायच्या आणि मान वर करायची त्यांना हिंमत व्हायची नाही.

काही आठवड्यांनी साहेब केस कापायला त्याच सलूनमध्ये गेले. बाई बरोबर, बापू बाकावर. दुकान रिकामं होतं. पूर्वीची निम्मी समोर गेली होती. आता तळघरातून आलेल्या माणसाच्या आरशात दिसायला नको, म्हणून उरलेलीही गेली होती. माना खाली घालून जात होती. साहेबांनी शब्द जुळवत स्वतःच विचारलं, "गिऱ्हाईक कमी झाला का?"

सलूनवाल्याने आरशातून साहेबांकडे बघितलं, मग बापूंकडे, मग दाराकडे.

"ठीक आहे," तो म्हणाला.

बाई ताडकन उठल्या आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कात्रीचा आवाज थांबून थांबून येत होता. त्या दोन बोटांना कात्री नीट धरता येत नव्हती.

पुढच्या सुट्टीला त्या मास्तरांना घेऊन आल्या. परत आल्यापासून मास्तर कोणाला डोक्याला हात लावू देत नसत. केस वाढले की बाईच घरी कसेबसे कापायच्या. आज बाईंनी मास्तरांचा दंड धरून त्यांना गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, आणलं आणि फाटक्या लाल खुर्चीत बसवलं. बापू नव्हते, साहेब नव्हते. सलूनवाल्या वहिनी आत टॉवेल घेऊन बसल्या होत्या.

"बारीक करू का, मास्तर?" सलूनवाल्याने विचारलं.

"ठीक आहे."

सलूनवाल्याचा हात थांबला. त्याने आरशात मास्तरांकडे जरा वेळ बघितलं, मग कापड गुंडाळलं आणि कामाला लागला. कात्री एकदा निसटली, खाली पडली. त्याने उचलली. पुन्हा निसटली. या खेपेला मास्तरांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं. त्या वाकड्या बोटांकडे ते बघत राहिले. दाराकडे त्यांनी बघितलंच नाही.

"फार मारलं का रे?" मास्तरांनी विचारलं.

किती वर्षांनी हा माणूस कोणाला काही विचारत होता.

"हो," सलूनवाला म्हणाला. "फार मारलं."

मास्तरांनी मान हलवली आणि त्याचं मनगट सोडलं नाही. बाईंना हे कोणाला सांगायचं नव्हतं, कुठल्याच भाषेत. त्या आत वहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या, डोळे पुसले आणि टॉवेलच्या घड्या घालू लागल्या.